निवाऱ्यातील आजारी मांजरांचा खास आहार

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी व टॉवेल विणणारे कारखाने आहेत. जेथे सूत, खळ आणि धान्य साठविले जाते तेथे उंदीर येतात आणि उंदरांच्या मागे मांजर येते. शेतावरील कणगी, धान्याची कोठी व कडब्याची गंज येथेही हाच क्रम असतो. धडधाकट मांजर आपले पोट आपण भरते. परंतु आजारी, म्हातारे किंवा जखमी मांजर शिकार करू शकत नाही, ते माणसाच्या हातावर अवलंबून राहते. अशी मांजरे कोणी कारखान्याच्या मागील खोलीत, कोणी गोठ्याच्या कोपऱ्यात, तर कोणी रीतसर निवाऱ्यात सांभाळतात. अशा ठिकाणी औषधाइतकेच महत्त्व आहाराला असते. मायेने पुढे केलेली दूध-भाकरी काही आजारांत मांजराच्या जिवावर बेतू शकते. म्हणून कोणत्या आजारात काय द्यावे, काय देऊ नये व त्यामागील कारण काय, याची माहिती पुढे दिली आहे.

महाराष्ट्रात जनावरांना आसरा देण्याची परंपरा जुनी आहे. मुंबईचे पांजरापोळ १८३४ मध्ये सुरू झाले, प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था तेथे १८७४ मध्ये स्थापन झाली आणि परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये निघाले. मात्र आपल्याकडील बहुतेक अनुभव गाई-बैलांचा आहे. त्यांना चारा, पेंड व पाणी वेळेवर मिळाले की बरेचसे निभावते. मांजराचे तसे नाही.

मांजराची गरज वेगळी का?

मांजर हा पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. कुत्रा भाकरी-आमटीवर काही काळ तग धरतो, मांजर धरत नाही. त्याची कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

१) टॉरिन हा घटक मांजराच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही. तो फक्त मांस, मासे, हृदय यांसारख्या प्राणिज पदार्थांतून मिळतो. टॉरिनच्या अभावी मांजराच्या डोळ्यांतील पडदा खराब होऊन अंधत्व येते, हे १९७५ मध्ये सिद्ध झाले. त्याच अभावाने हृदय फुगून मांजरे दगावतात, असे १९८७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले.

२) आर्जिनीन हे अमिनो आम्ल नसलेले एकच जेवण दिले, तरी काही तासांत रक्तातील अमोनिया वाढून मांजर गंभीर आजारी पडते. हे १९७८ मधील प्रयोगात दिसून आले. मांस व अंड्यात आर्जिनीन भरपूर असते.

३) गाजर, पालेभाज्या यांतील पिवळ्या रंगद्रव्यापासून मांजर ‘अ’ जीवनसत्त्व बनवू शकत नाही. ते तयार स्वरूपात, म्हणजे काळीज व अंड्यातूनच मिळावे लागते.

४) मांजराचे यकृत सतत प्रथिने जाळत असते. आहारात प्रथिने कमी पडली तर ते स्वतःचे स्नायू जाळू लागते. म्हणून उपाशी मांजर झपाट्याने खंगते.

५) बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातील साखर पचत नाही व त्यांना हगवण लागते. आजारी मांजराला दूध पाजणे हा आपल्याकडील सर्वात रूढ गैरसमज आहे.

या कारणांमुळेच कुत्र्यांसाठी तयार केलेले खाद्यही मांजराला कायम देऊ नये, कारण त्यात टॉरिन व प्रथिने मांजराला पुरेशी नसतात.

मूळ आहार

आजाराचा विचार करण्यापूर्वी मूळ आहार नीट बसवावा. साधारण चार किलो वजनाच्या मोठ्या मांजराला दिवसाला २०० ते २५० किलोकॅलरी ऊर्जा लागते. १०० ग्रॅम उकडलेल्या बिनहाडाच्या कोंबडीतून सुमारे १६५ आणि एका अंड्यातून सुमारे ७० किलोकॅलरी मिळतात.

तीन ते चार मांजरांसाठी एका दिवसाचे घरगुती मिश्रण असे करावे : बिनहाडाचे कोंबडीचे मांस अर्धा किलो, कोंबडीची हृदये ५० ग्रॅम, काळीज २५ ग्रॅम व एक अंडे. हे सर्व बेताच्या पाण्यात, मीठ-मसाल्याशिवाय शिजवावे. अंड्याचे टरफल स्वच्छ धुऊन, उकळून, वाळवून त्याची बारीक पूड करावी व त्यातील सुमारे तीन ग्रॅम, म्हणजे अर्धा ते पाऊण लहान चमचा पूड मिसळावी. मांसात स्फुरद जास्त व कॅल्शियम फार कमी असते. नुसत्या मांसावर ठेवलेल्या पिलांची हाडे ठिसूळ होऊन मोडतात. टरफलाच्या पुडीने ही तूट भरून निघते.

मांस शिजविलेले पाणी फेकून देऊ नये. टॉरिन पाण्यात उतरते, म्हणून ते पाणी कोमट करून खाद्यातच कालवावे. काळजाचे प्रमाण वाढवू नये. रोज नुसते काळीज खाणाऱ्या मांजरात ‘अ’ जीवनसत्त्व साठून मानेचे व पायांचे सांधे आखडतात. उजनीच्या जलाशयातील चिलापीसारखे स्वस्त मासे सोलापूरच्या बाजारात येतात. ते शिजवून, काटे काढून, आठवड्यातून एक-दोन वेळाच द्यावेत. काही मासे कच्चे दिल्यास त्यातील घटक ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतो. नुसत्या माशांवर ठेवल्यास ‘ई’ जीवनसत्त्वाची कमतरता होते.

हे मिश्रण काही आठवड्यांपुरते योग्य आहे. कायमस्वरूपी तेच द्यायचे असल्यास टॉरिन व जीवनसत्त्वांची पूरक मात्रा पशुवैद्यकांकडून ठरवून घ्यावी, अथवा मांजरांचे तयार संपूर्ण खाद्य जोडीला ठेवावे.

मांस कच्चे देऊ नये. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रातील तीन वाघ व एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. कोंबडीचे कच्चे मांस हा संसर्गाचा एक संभाव्य मार्ग मानला गेला. वाघ व मांजर एकाच कुळातील असल्याने हा धडा घरच्या मांजरालाही लागू पडतो. मेलेल्या कोंबड्या मांजरापुढे टाकण्याची सवय कुक्कुटपालक बंधूंनी सोडून द्यावी.

आजारानुसार आहार

अ) बरेच दिवस उपाशी राहिलेले मांजर : दिवाळीच्या सुट्टीत कारखाने बंद होतात. अशा वेळी गोदामात अडकलेले मांजर आठ-दहा दिवसांनी सापडते. त्याच्यापुढे लगेच भरपूर खाद्य ठेवू नये. उपाशी शरीराला एकदम अन्न मिळाले की रक्तातील पालाश व स्फुरद पेशींत ओढले जातात, रक्तातील त्यांची पातळी घसरते आणि हृदय बंद पडू शकते. पहिल्या दिवशी गरजेच्या एक चतुर्थांश, म्हणजे सुमारे ५० किलोकॅलरी इतकेच खाद्य पाच-सहा वेळांत विभागून द्यावे. त्यानंतर चार-पाच दिवसांत ते हळूहळू पूर्ण करावे. पाणी मात्र पहिल्यापासून थोडे थोडे देत राहावे. भात-भाकरी देऊ नये, कारण कर्बोदकांमुळे हा धोका वाढतो. असे मांजर शक्यतो पशुवैद्यकांच्या देखरेखीखाली ठेवावे.

आ) न खाणारे लठ्ठ मांजर : लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडले तर शरीरातील चरबी यकृतात येऊन साचते व कावीळ होते. हिरड्या, कानाची आतील बाजू व डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतो. येथे औषधापेक्षा अन्न पोटात जाणे महत्त्वाचे असते. पशुवैद्यक नळीवाटे प्रथिनयुक्त पातळ आहार देतात, तो काही आठवडे चालू ठेवावा लागतो. म्हणून ‘भूक लागली की खाईल’ असे म्हणून थांबू नये. लठ्ठपणा कमी करताना उपास घडवू नये. आठवड्याला वजनाच्या एक टक्का, म्हणजे सहा किलोच्या मांजरात ६० ग्रॅम घट पुरेशी समजावी.

इ) मूत्रपिंडाचा जुनाट विकार : हा म्हाताऱ्या मांजरांचा नेहमीचा आजार आहे. मांजर पाणी जास्त पिते, लघवी जास्त करते, वजन घटते व तोंडाला दुर्गंधी येते. या आजारात आहारातील स्फुरद कमी करणे हा मुख्य उपाय होय. हाडे, हाडांची पूड, सुकट, खारे बोंबील, दूध, काळीज व अंड्याचा पिवळा बलक बंद करावा. अंड्याच्या शिजविलेल्या पांढऱ्या भागात चांगली प्रथिने असून स्फुरद अगदी कमी असते, म्हणून मांसाचा काही भाग कमी करून तो द्यावा. प्रथिने मात्र पूर्ण तोडू नयेत, अन्यथा मांजर स्नायू जाळून खंगते. ऊर्जेसाठी कोंबडीची थोडी चरबी किंवा अर्धा चमचा तूप चालते. टरफलाची पूड किती द्यावी हे रक्त तपासून पशुवैद्यकांनी ठरवावे. मूत्रपिंडासाठीचे तयार खाद्य मिळत असल्यास ते सर्वात सोयीचे. मांजर नवे खाद्य सहज स्वीकारत नाही, म्हणून बदल दहा-पंधरा दिवसांत थोडा थोडा करावा. खास खाद्य खात नसेल तर उपाशी ठेवण्यापेक्षा साधे खाद्य खाऊ द्यावे.

ई) लघवी अडणे व मुतखडा : बोका वारंवार बसतो, कुंथतो, ओरडतो आणि लघवीचा थेंबही पडत नाही. ही तातडीची बाब आहे. एक-दोन दिवसांत विष रक्तात चढून बोका दगावतो. आहाराचा प्रयोग न करता त्याला लगेच दवाखान्यात न्यावे. अडथळा निघाल्यानंतर आहाराचे काम सुरू होते. एका प्रकारचे खडे खास खाद्याने विरघळतात, तर कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे विरघळत नाहीत, ते शस्त्रक्रियेने काढावे लागतात. म्हणून लघवी तपासल्याशिवाय खास खाद्य सुरू करू नये. दोन्ही प्रकारांत पाणी पोटात जाणे हाच पाया आहे. कोरड्या दाण्यांऐवजी पाणी कालवलेले ओले खाद्य द्यावे. चार किलोच्या मांजराच्या पोटात अन्नासह दिवसाला २०० ते २५० मिलिलिटर पाणी गेले पाहिजे. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात पसरट मातीच्या भांड्यांतून, सावलीत, दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवावे. पाण्याचे भांडे शौचाच्या वाळूजवळ ठेवू नये.

उ) मधुमेह : हा विकार प्रामुख्याने लठ्ठ, वयस्क, खच्चीकरण झालेल्या बोक्यांत आढळतो. भात, भाकरी, बिस्किटे व दूध पूर्ण बंद करून मांसाहार द्यावा. काही मांजरांत योग्य आहार व इन्सुलिनने लवकर उपचार झाल्यास पुढे इन्सुलिन बंदही करता येते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कर्बोदके कमी केली की इन्सुलिनची गरजही कमी होते. मात्रा तीच ठेवली तर रक्तातील साखर एकदम उतरून झटके येतात. आहार बदलण्यापूर्वी पशुवैद्यकांना सांगावे. मांजराने अन्न सोडले असेल तर त्यांना विचारल्याशिवाय इन्सुलिन टोचू नये.

ऊ) हगवण व ओकारी : मोठ्या मांजराला फार तर काही तास उपाशी ठेवावे, पिलांना अजिबात ठेवू नये. उकडलेली कोंबडी व तिचे अळणी पाणी थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. विष्ठा तपासून कृमिनाशक द्यावे. ताप, सततची ओकारी व पातळ रक्तमिश्रित हगवण ही लक्षणे पिलात दिसल्यास पॅनल्यूकोपेनिया या संसर्गजन्य रोगाचा संशय घ्यावा. अशा पिलाची खोली, वाट्या व सांभाळणारा माणूस वेगळा ठेवावा. एक भाग घरगुती ब्लीच व ३० भाग पाणी या द्रावणाने फरशी व भांडी निर्जंतुक करावीत. सहा-आठ आठवड्यांच्या वयापासून लस टोचून घेणे हाच या रोगावरील खरा उपाय आहे.

ए) सर्दी व तोंडातील व्रण : मांजर वासावर जेवते. नाक चोंदले की समोरचे अन्न त्याला अन्न वाटत नाही. डोळे-नाक ओल्या कापडाने पुसून अन्न अंगाच्या उष्णतेइतके कोमट करून द्यावे. तोंडात व्रण असल्यास मांस वाटून पातळ लगदा करावा. लाळ गळणाऱ्या, अन्न-पाणी सोडलेल्या व बिथरलेल्या मांजराच्या तोंडात हात घालू नये. ती रेबीजची लक्षणे असू शकतात. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्वरित रुग्णालयात जावे.

ऐ) पोरकी पिल्ले : भाटीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा प्रथिने बरीच जास्त असतात. म्हणून पिलांसाठी मिळणारी तयार दूधपावडरच वापरावी. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, पिलू पोटावर ठेवून पाजावे. उताणे धरून पाजल्यास दूध फुप्फुसात जाते. गार पडलेल्या पिलाला आधी ऊब द्यावी, नंतर दूध द्यावे.

सुताचा धागा व इतर धोके

यंत्रमागाच्या परिसरात एक धोका विशेष आहे. मांजर खेळता खेळता सुताचा धागा गिळते. त्याचे एक टोक जिभेखाली अडकते व दुसरे आतड्यात उतरते. आतडे त्यावर चुण्यांसारखे गोळा होते व कापले जाते. मांजर वारंवार ओकते, खात नाही व पोट धरून बसते. तोंडातून किंवा गुदद्वारातून धागा लोंबताना दिसल्यास तो ओढू नये, त्याने आतडे फाटते. अशा मांजराला काहीही खायला न घालता दवाखान्यात न्यावे. निवाऱ्याच्या खोलीत कोनाचे उरलेले सूत व दशा ठेवू नयेत.

कामगारांच्या डब्यातील शिल्लक अन्नही पारखून घ्यावे. सोलापूरच्या शेंगा चटणीत लसूण असतो, रश्शात कांदा असतो. कांदा व लसूण, शिजविलेले असले तरी, मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात व रक्तक्षय होतो. चॉकलेट व मनुकेही देऊ नयेत. तापावरची माणसाची पॅरासिटामॉल गोळी मांजराला प्राणघातक आहे. जनावरांच्या गोचिडांवर फवारण्याची पायरेथ्रॉइड वर्गातील औषधे मांजराला लावू नयेत व ताज्या फवारलेल्या गोठ्यात मांजर बांधू नये. गोदामात ब्रोमॅडिओलोनची उंदीरनाशक वडी ठेवली असेल, तर विष खाल्लेला उंदीर मांजराच्याही पोटात विष पोहोचवतो. रक्तस्राव काही दिवसांनी दिसतो. मांजरे पाळली असतील तेथे सापळ्यांचा वापर करावा.

अनेक मांजरांत पथ्य कसे पाळावे?

निवाऱ्यात खरी अडचण येते ती येथे. एकाच ताटात सर्वांना वाढले की मूत्रपिंडाचा रोगी शेजाऱ्याचे मासे खातो आणि वाढीच्या वयातील पिलू त्याचे कमी स्फुरदाचे खाद्य संपवते. दोघांचेही नुकसान होते. त्यासाठी पुढील पद्धत अवलंबावी.

१) दिवसभर वाट्या भरून ठेवू नयेत. दिवसातून तीन-चार ठरावीक वेळा जेवण द्यावे व अर्ध्या तासाने वाट्या उचलाव्यात.

२) पथ्याची मांजरे जेवणाच्या वेळी पिंजऱ्यात किंवा वेगळ्या खोलीत घ्यावीत.

३) आजारानुसार वाटीला वेगळा रंग द्यावा. गळ्यात दोरा बांधू नये.

४) प्रत्येक आजारी मांजराचे कार्ड ठेवावे. त्यात खाल्लेले खाद्य, पाणी, लघवी, विष्ठा, ओकारी व आठवड्याचे वजन लिहावे. मांजराला पिशवीत किंवा टोपलीत ठेवून साध्या काट्यावर तोलावे व पिशवीचे वजन वजा करावे. चार किलोचे मांजर ३.६ किलोवर आले, म्हणजे दहा टक्के घट झाली, की विलंब न करता पशुवैद्यकांना दाखवावे.

५) नवीन आलेले मांजर दोन आठवडे इतरांपासून वेगळे ठेवावे.

खर्चाच्या दृष्टीने पाहता खास आहार सर्वांना लागत नाही. समजा, निवाऱ्यात २० मांजरे आहेत व त्यांपैकी तीन पथ्याची आहेत. महागडे तयार खाद्य त्या तिघांपुरतेच आणावे. उरलेल्या १७ मांजरांना वर सांगितलेले घरगुती मिश्रण व साधे तयार खाद्य पुरते. निदानाशिवाय आणलेले खास खाद्य म्हणजे वाया गेलेला पैसा व कधी कधी वाढलेला आजार असतो. म्हणून रक्त व लघवीच्या तपासणीवर आधी खर्च करावा.

थोडक्यात, आजारी मांजराला दूध-भाकरीऐवजी शिजविलेले अळणी मांस द्यावे, पाणी भरपूर पोटात जाईल असे पाहावे, चोवीस तासांहून अधिक उपाशी राहू देऊ नये आणि आजाराचे निदान करूनच पथ्य ठरवावे. अधिक माहितीसाठी व तपासणीसाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधावा. वरीलप्रमाणे काळजी घेतल्यास कणगी व गोदामाची राखण करणारी ही मांजरे आजारपणातही वेदनेशिवाय बरीच वर्षे जगू शकतात.